बकुळाचं पाऊल

डोंगरांच्या ओंजळीत वसलेल्या एका राज्यात एक सुईण होती. राज्यातली निम्मी माणसं तिच्याच हातांत पहिल्यांदा रडली होती. त्यामुळे भले भले मिशीवालेसुद्धा तिच्यापुढे जपून बोलत. प्रत्यक्ष राजाला ती म्हणू शकत असे, "महाराज, तुमचे कान जन्मल्यापासूनच मोठे आहेत, वापरा जरा."

त्या राज्यात एक जुनी रीत होती. बाळ बारा दिवसांचं झालं की सुईण त्याचं डावं पाऊल कुंकवाच्या पाण्यात बुडवी आणि एका लांबलचक पांढऱ्या पटावर उमटवी. पावलाखाली बाळाचं नाव लिहीत. त्याच दिवशी राजाचा कोठावळा त्या नावानं एक पायली नाचणी कोठारात ओती. याचा अर्थ साध्या माणसालाही कळत असे. तू आलास, तुझ्या वाईट दिवसांची सोय आम्ही आजच करून ठेवली. दुष्काळाखेरीज त्या धान्याला कोणी हात लावायचा नाही, राजानंही नाही.

दुसरी रीत कोळशाची. उतारावरच्या जंगलाचे सात भाग केले होते. दरवर्षी एकाच भागातली झाडं तोडायची, भट्ट्या लावून कोळसा पाडायचा आणि सात वर्षांनी पुन्हा तिथे यायचं. तोवर बुंध्यांना फुटवे येऊन झाडं उभी राहिलेली असत. भट्ट्यांचा धूर नगरावर येई, वाळत घातलेली धोतरं काळवंडत, म्हातारे खोकत आणि शिव्या देत. पण पावसाळ्यात प्रत्येक बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी धगधगत असे आणि ओव्याच्या धुरीनं खोली भरून जाई. सुईणीला तेवढं पुरेसं होतं.

मग जुना राजा गेला आणि त्याचा मुलगा गादीवर आला. मनानं वाईट नव्हता, पण त्याला कौतुकाची फार भूक. एकदा घाटापलीकडच्या राज्यातून पाहुणे आले. जाताना त्यांच्यातला एक जण नाकाला रुमाल लावून म्हणाला, "नगर सुंदर आहे, पण वास मात्र चुलीचा येतो."

राजाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली. कोळशाच्या भट्ट्या बंद. जंगलात कुऱ्हाड नेणाऱ्याला दंड. डोंगरावर नक्षीदार सागवानी मनोरा उभारायचा, त्यावर पितळेचे शंभर आरसे बसवायचे. आरसे ऊन गोळा करतील, पाणी उकळतील आणि ते पाणी मातीच्या नळांतून घरोघर जाईल. धूर नाही, काजळी नाही.

सुईण काठी टेकत दरबारात गेली.

"आरसे करा की महाराज, कोण नको म्हणतंय? ऊन चांगलंच असतं. पण श्रावणात आपल्याकडे महिना महिना सूर्य तोंड दाखवत नाही."

प्रधान हसून म्हणाला, "आजी, तुम्ही बाळंतपणं बघा. राज्य आम्ही बघतो."

"बाळंतपणंच बघतेय. बाळं काय ऊन पडायची वाट बघत आत थांबतात?"

दरबार हसला. प्रधानाला ते आवडलं नाही. "जुन्या माणसांना नव्याची भीती वाटतेच," तो म्हणाला.

"नव्याची नाही हो प्रधानजी," सुईण म्हणाली. "नवं येईपर्यंतच्या दिवसांची वाटते. आरसे पाणी तापवायला लागेपर्यंत एक तरी भट्टी चालू ठेवा."

पण राजाचं लक्ष नव्हतं. मनोऱ्याच्या कळसाला सोन्याचा मुलामा द्यावा की चांदीचा, हे तो ठरवत होता.

भट्ट्या विझल्या. आरसे तयार व्हायला वेळ होता, म्हणून कोळसा घाटापलीकडून विकत येऊ लागला. तिकडचा राजा आपलं अख्खं जंगल उभं जाळून कोळसा पाडत होता. त्याचा धूर घाटावरून दिसे. प्रधान मात्र सांगे, "बघा, आपलं आकाश किती निळं झालं!"

कोळशाची किंमत धान्यात द्यायची होती. शिवाय मनोऱ्याचा एकेक मजला पुरा झाला की राजा नगरभोजन घाली. बुंदी, जिलबी, मठ्ठा. एवढं धान्य आणायचं कुठून? प्रधानानं मार्ग काढला. "कोठारात नाचणी नुसती पडून आहे. तिला किडे खाणार, त्यापेक्षा प्रजेनं खाल्लेली काय वाईट?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुईणीचा शेजारी कुंभार सगळ्यांत जोरात. त्याला नळ भाजायचं काम मिळालं होतं, तेही घाटापलीकडच्या कोळशावर.

"अरे, ते पोरांचं धान्य आहे," सुईण त्याला म्हणाली.

"आजी, पोरं कुठे आत्ता मागतायत? राजा वाढतोय तर ताट पुढे करावं. घ्या, तुमच्यासाठी जिलबी आणलीय."

सुईणीनं ती जिलबी खाल्ली. गोड होती.

दोन वर्षांत कोठार झाडून स्वच्छ झालं. मनोरा अर्धाच झाला होता. घाटापलीकडचा राजा म्हणाला, "आता धान्य नाही तर तारण द्या."

प्रधानानं पुन्हा मार्ग काढला. तो पाऊलपट काढून राजापुढे पसरला. "महाराज, हीच तर खरी संपत्ती. यातलं पोरांचं प्रत्येक पाऊल उद्या मोठं होईल. सोळाव्या वर्षी प्रत्येकानं शंभर दिवस पलीकडच्या खाणीत राबायचं, एवढंच लिहून द्यायचं. आजच्या कोणालाच झळ नाही."

"पण त्यांना विचारायला नको?" राजानं विचारलं.

"विचारायचं कसं? ती तर पाळण्यात आहेत."

आणि पट पेटीत घालून घाटापलीकडे गेला. ज्या पावलांनी धान्य मिळायचं होतं, तीच पावलं गहाण पडली. त्यानंतर जन्मणाऱ्या बाळांची पावलं सुईणीनं नव्या कागदावर उमटवायची होती आणि त्या कागदावर करार आधीच लिहिलेला असे. तिला वाचता येत नव्हतं. तिला सांगितलं, "नेहमीचंच आहे आजी." ती उमटवत राहिली.

त्या वर्षी श्रावणात झड लागली. धुकं खाली उतरलं ते उठेचना. डोंगरावर अर्ध्या मनोऱ्यावर चढवलेले आरसे भिजून उभे होते. आठव्या दिवशी घाट खचला आणि कोळशाचे बैल पलीकडेच अडकले. आणि नवव्या दिवशी सुईणीच्या मुलीला मुलगी झाली.

पोर दिवसांच्या आधी आली होती. एवढीशी. तिला ऊब हवी होती, बाकी काही नको होतं. सुईणीनं आयुष्यभर याहून लहान बाळं जगवली होती, पण त्या वेळी शेगडी होती. आता गोवऱ्या भिजून गेल्या होत्या आणि ओल्या लाकडाच्या धुरानं बाळाचा जीव घाबरा होई. सुईणीनं काठवट फोडली. मग मुसळ. मग पाट. मग दाराची एक फळी. तेही संपलं तेव्हा तिनं पोरीला उघड्या छातीशी बांधलं आणि दिवसरात्र बसून राहिली.

पोर बारा दिवसांची झाली तेव्हा बारसं झालं. नाव बकुळा ठेवलं. राजाचा शिपाई कागद घेऊन आला आणि सुईणीनं नातीचं पाऊल उमटवलं. दोन बोटांएवढं होतं.

चौदाव्या दिवशी बकुळा गेली.

सुईण रडली की नाही, कोणी पाहिलं नाही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी राजवाड्यातून बोलावणं आलं, राणीच्या कळा सुरू झाल्या होत्या. सुईण गेली. बाळ काही कोणाचं दुःख बघून थांबत नाही, हे तिला इतर कोणाहून जास्त माहीत होतं.

राणीला मुलगा झाला. आणि सुईणीनं पाहिलं तर बाजेखाली शेगडी पेटलेली होती. कोरड्या, पिकल्या लाकडाचे लालबुंद निखारे. खोली कशी उबदार होती. निखारे सारखे करताना तिच्या चिमट्यात एक अर्धवट जळालेला तुकडा आला. त्यावर कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या होत्या. तिनं तो विझवला, पदरात बांधला आणि राजाच्या बाळाला न्हाऊ घातलं. तितक्याच मायेनं.

झड सरली, घाट मोकळा झाला. राजपुत्राच्या बारशाच्या सकाळी सुईण प्रधानाकडे गेली.

"प्रधानजी, कुणीतरी सांगितलं मला त्या कागदावर काय लिहिलंय ते. माझी नात गेली. तिचं पाऊल खोडा."

प्रधानानं वही उघडून पाहिली. "वाईट झालं आजी. पण एकदा उमटलेलं पाऊल खोडता येत नाही. तिचे शंभर दिवस घरातल्या पुढच्या मुलानं भरायचे. नियम आहे."

"जी पंधरा दिवस जगली नाही, तिनं शंभर दिवस द्यायचे?"

"नियम आहे," प्रधान म्हणाला आणि वही मिटली.

संध्याकाळी दरबार भरला. सगळं नगर लोटलं होतं. राणी बाळाला घेऊन बसली होती. राजानं सुईणीपुढे रेशमी वस्त्र पसरलं. "आजी, युवराजांचं पाऊल यावर उमटवा."

सुईण म्हणाली, "कागद कुठाय?"

"कसला कागद?"

"बाकीच्यांचा असतो तो. शंभर दिवसांचा."

राजाचा चेहरा लाल झाला. "युवराजांचं पाऊल गहाणखतावर? भान आहे का तुम्हाला?"

"आता आलंय," सुईण म्हणाली. तिनं पदराची गाठ सोडली आणि जळका तुकडा राजाच्या पायाशी ठेवला. "हे ओळखता?"

कमळाच्या पाकळ्या सगळ्यांनी ओळखल्या. मनोऱ्याच्या प्रत्येक खांबावर त्या होत्या.

"राणीसाहेबांच्या बाजेखाली सापडलं. तुमचं बाळ गारठेल म्हणून तुम्ही मनोरा फोडलात, महाराज. बरोबर केलंत. कोणताही बाप हेच करील. पण माझी बकुळा गारठत होती, तेव्हा हा मनोरा कुणाचा होता?"

राजानं तो तुकडा उचलला.

"ऊन माझा वैरी नाही आणि आरसेही नाहीत," सुईण म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत होता. "पण ज्या दिवशी तुम्ही पेटती भट्टी विझवलीत, त्या दिवशी तुमच्याकडे नुसतं चित्र होतं. चित्रावर बाळ शेकत नाही. आणि त्या चित्राची किंमत तुम्ही कुणाकडून घेतलीत? ज्यांना अजून मान धरता येत नाही, त्यांच्याकडून. कारण ती नाही म्हणू शकत नाहीत. माझ्या हातानं घेतलीत. आता हा हात एकाही बाळाचं पाऊल त्या कागदावर ठेवणार नाही. मला हवं तर खाणीत धाडा."

तिनं कुंकवाचं तबक जमिनीवर ठेवलं, कोरा कागद मागवला आणि स्वतःचा सुरकुतलेला पाय तबकात बुडवला. "जे जेवले, त्यांनी फेडावं. माझं पहिलं घ्या. मीही एक जिलबी खाल्ली होती."

कुंभार पुढे आला. त्याची मान खाली होती.

"मी सगळ्या पंगती जेवलोय, आजी," तो म्हणाला. "माझे दोन्ही पाय घ्या."

एक हसला, दुसरा रडला आणि मग माणसं एकामागून एक पुढे येऊ लागली. राणीनं बाळ छातीशी धरलं आणि नुसतं राजाकडे पाहिलं. राजा सिंहासनावरून उतरला. त्याचं पाऊल कुंभाराच्या पावलाशेजारीच उमटलं. प्रधानाचा पाय तर दोघांनी धरून बुडवला, असं सांगतात.

तो कागद घाटापलीकडे गेला आणि पोरांचा पट परत आणण्याची बोलणी झाली. सोपं नव्हतं ते. नगरभोजनं बंद झाली, कळसाच्या मुलाम्यासाठी आणून ठेवलेलं सोनं विकलं. जंगलाच्या एका भागात पुन्हा भट्टी पेटली. आरशांतले दहा ठेवले. चैत्रात त्यांच्यावर पाणी खरोखरच छान तापे. मग दरवर्षी, परवडेल तेवढे, दोन-दोन वाढवत नेले. मोठी माणसं पाळीपाळीनं खाणीत राबली. राजाही राबला. कुंभार तिथून कंबरेत वाकून परतला, पण त्यानं कधी तक्रार केली नाही.

बकुळाचे शंभर दिवस मात्र सुईणीनं कोणाला भरू दिले नाहीत. सगळे म्हणाले, "आजी, राहू द्या, आम्ही करतो." ती गेली आणि एकेक टोपली उचलत तिनं ते स्वतः पुरे केले. पाऊल परत घेऊन ती थेट कोठारावर आली. डोक्यावर एक पायली नाचणी होती.

कोठावळ्यानं नाव विचारलं.

"बकुळा."

तो हळूच म्हणाला, "आजी, पण हिचं खाणारं..."

"खाणारं कुणीतरी येईलच, बाबा," सुईण म्हणाली. "ते यायच्या आधी आपण खायचं नाही, एवढंच."

आणि तिनं नाचणी रिकाम्या कोठारात ओतली. पहिली पायली.

तात्पर्य: पाळण्यातलं बाळ आपल्या वाट्यासाठी भांडू शकत नाही, म्हणून त्याच्या नावावर खाणारा राजा असो की आपण, तो चोरच. आणि नवी शेगडी पेटलेली स्वतःच्या हाताला जाणवल्याशिवाय दुसऱ्याच्या घरातली जुनी विझवू नये.