पाठमोरी वाट

एकदा ऐन माघात एक वृद्ध गुरुजी आपल्या जुन्या शिष्याबरोबर स्पेनच्या दक्षिणेकडील डोंगरांत चालायला गेले. शिष्य चाळिशीचा, बरीच वर्षे तिकडेच नोकरीला. ज्यांनी शाळेत असताना आपल्याला टेकड्या चढायला शिकवले, त्यांना एकदा बर्फ दाखवायचे, ही त्याची जुनी हौस होती. त्यासाठी त्याने आठवडाभराची रजा राखून ठेवली होती.

पायथ्याशी बदाम फुलले होते आणि माथ्यावर बर्फ होते. तिथवर जाऊन अंधारापूर्वी गावात परतायचे, असा बेत ठरला. शिष्य झपाझप पुढे निघाला. गुरुजी मात्र दर वळणावर थांबत, मागे वळत आणि आलेल्या वाटेकडे पाहत उभे राहत.

"दम लागला का, गुरुजी?" शिष्य पुढूनच विचारी.

"नाही रे, बघतोय."

चार-पाच वेळा असे झाल्यावर शिष्याला वाटले, म्हातारपण कबूल करणे यांना जड जाते आहे. त्याला वाईट वाटले आणि थोडा वैतागही आला. दिवस लहान होता, आणि बघण्यासारखे ते सगळे तर पुढेच होते.

अखेर बर्फ आले. गुरुजींनी ते चिमूटभर जिभेवर ठेवले आणि मनापासून हसले. शिष्याचे डोळे भरून आले. पण तेवढ्यात ढग खाली उतरले आणि दहा पावलांपलीकडचे दिसेनासे झाले. शिष्याची सारी भिस्त मोबाइलमधल्या नकाशावर, आणि मोबाइल थंडीने बंद पडलेला.

पहिल्याच फाट्यावर तो अडला. सकाळी इथूनच आलो होतो, पण ओळखीचे काहीच दिसेना. गुरुजींना या थंडीत रात्र काढावी लागली तर, या विचाराने तो दोन्ही वाटांवर थोडे थोडे जाऊन परत आला.

"डावीकडे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "हा चीर गेलेला खडक. पुढे मेंढरांचा पडका वाडा, आणि मग ढोलीचं झाड."

"ही चीर मला सकाळी दिसलीच नाही."

"कशी दिसणार? तू खडक पुढून पाहिलास. परतताना तो पाठीमागून भेटतो. जाताना जी वाट असते ना, ती येताना निराळीच असते. ज्याला परत यायचंय, त्यानं जातानाच अधूनमधून मागं वळून बघावं. शाळेत टेकडीवर हेच सांगितलं होतं मी. तू तेव्हाही पुढे पळाला होतास."

शिष्य ओशाळून हसला आणि उतरू लागला. पडका वाडा आला, तसा तो थांबला आणि त्या दिवसात प्रथमच मागे वळला. गुरुजी उजवा पाय ओढत, दगडांचा आधार घेत उतरत होते.

"गुडघा कधीपासून दुखतोय?"

"सकाळपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला मला बर्फ दाखवायचं होतं ना."

शिष्य चार पावले पुन्हा वर चढला आणि गुरुजींचा हात त्याने आपल्या खांद्यावर घेतला. गावातले दिवे दिसेपर्यंत तो त्यांच्याच चालीने चालत राहिला.