खुंटीवरचा लंगोट

फार जुन्या काळची गोष्ट आहे. नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावाला कुस्तीचं वेड होतं. घरात गाय नसली तरी चालेल, पण घरातला एक तरी मुलगा तालमीत गेलाच पाहिजे, असं तिथे सगळे मानत. तालमीत लाल मातीचा हौद होता, हौदासमोर मारुतीचं छोटं देऊळ होतं, आणि दाराबाहेर एक काळा, गुळगुळीत, गोल गोटा होता. जत्रेच्या दिवशी तो गोटा जो खांद्यावर घेईल त्याला गाव फेटा बांधायचं.

त्या तालमीची एक रीत होती. पैलवानाच्या डोक्यात पांढरे केस दिसू लागले, की त्याने स्वतःच्या हाताने आपला लंगोट भिंतीवरच्या खुंटीला टांगायचा. त्या दिवशी ढोल वाजायचा, नारळ फुटायचा आणि पैलवानाला बाहेरच्या पारावर मानाने बसवलं जायचं. त्यानंतर त्याने जड काही उचलायचं नाही. त्याने घागरीला हात लावला, तर कुणीतरी धावत येऊन म्हणायचं, "राहू द्या, राहू द्या, तुम्ही आता मानकरी!" लोक हे प्रेमानेच करत.

टांगलेला लंगोट परत काढायला बंदी नव्हती. पण जो काढेल त्याने नव्या पोरासारखी पहिल्यापासून सुरुवात करायची. सगळ्यांच्या आधी येऊन फावड्याने हौदाची माती उकरायची आणि वस्तादाच्या पाया पडायचं, मग तो वस्ताद वयाने लहान का असेना. आजवर एकानेही लंगोट काढला नव्हता. भिंतीवरच्या खुंट्या तेवढ्या भरत गेल्या.

तुळाजी पैलवानाचा लंगोटही तिथेच होता. तरुणपणी त्याने गोटा खांद्यावर घेऊन हौदाला फेरी मारली होती. आता तो पारावर बसून तीच गोष्ट रोज सांगायचा. कुस्ती सुटली होती, पण खुराक सुटला नव्हता. दूध, तूप, बदाम सगळं पहिल्यासारखंच चालू होतं. त्यामुळे पोट पुढे आलं, दंड उतरले, मांड्या सुकल्या. मिशा मात्र जुन्याच राहिल्या.

एका सकाळी त्याची बायको मैना परसातल्या न्हाणीत पाय घसरून पडली. तुळाजी धावला. त्याने तिच्या काखेत हात घातले आणि जोर लावला. मैना हलली नाही. त्याने पुन्हा जोर लावला, तेव्हा त्याचाच गुडघा वाकला आणि तो तिच्या शेजारी ओल्या दगडावर बसला.

"अहो, तुम्हीपण पडलात का?" मैनाने विचारलं.

"नाही, बसलोय."

एवढ्या कळा येत असतानाही ती हसली. तुळाजीला मात्र हसू आलं नाही. त्याने शेजाऱ्यांना हाका मारल्या. शेजारी मळ्यात गेले होते. ते येईपर्यंत मैना गार पाण्यात पडून राहिली आणि एके काळी गोटा उचलणारा माणूस तिचा हात धरून नुसता बसून राहिला.

हाड मोडलं नव्हतं, पण मैनाच्या पायातला जोर गेला. ती खाटेला खिळली. दोन्ही मुलगे आपापल्या गावांहून आले. मुलगे वाईट नव्हते. पण दोघांचीही घरं लहान होती आणि एकेका घरात एकाच माणसाची सोय होण्यासारखी होती.

थोरला म्हणाला, "आईला मी नेतो. बाबा धाकट्याकडे राहतील. बाबांच्याने आई उचलवत नाही, मग दोघांना इथे ठेवायचं कसं?"

तुळाजी जमिनीकडे बघत राहिला. इतकी वर्षं एका छपराखाली काढलेली दोन माणसं आता दोन गावांत राहणार होती.

मैना खाटेवरूनच म्हणाली, "जत्रा नुकतीच झाली, पुढच्या वर्षीच्या जत्रेपर्यंत मी हलणार नाही. शेजारची सून येऊन माझं करते आहे. जत्रेला या. तोवर ह्यांच्याने मला उचलणं झालं तर आम्ही इथेच. नाही झालं तर कुठे न्यायचं तिथे न्या."

मुलांनी ते मान्य केलं आणि ते परत गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तुळाजी थेट गोट्याशी गेला. त्याच्या मनात होतं, ताकद जिथे ठेवली होती तिथेच असणार, नुसतं जाऊन घ्यायची. त्याने गोट्याला मिठी घातली आणि झटका मारला. गोटा होता तिथेच राहिला. तुळाजीच्या कमरेत मात्र अशी चमक भरली, की चौघांनी त्याला उचलून घरी आणलं.

आता घरात दोन खाटा शेजारी शेजारी लागल्या.

"छान झालं," मैना म्हणाली. "आता ही खाट त्या खाटेला उचलणार."

तुळाजीने भिंतीकडे तोंड केलं. मैनाने हळूच विचारलं, "अहो, तालमीत पहिल्यांदा गेलात, त्या दिवशी उचलला होतात का गोटा?"

"नाही. कितीतरी महिने हातात नुसतं फावडं होतं."

"मग आता मधूनच कशाला सुरू करता?"

तिचं म्हणणं तुळाजीला कळलं होतं, आणि त्याची किंमतही कळली होती. आताच्या वस्तादाला पहिला डाव त्यानेच शिकवला होता. त्याच्या पाया पडायचं? आणि तेही पारावरचे सगळे बघत असताना? कंबर बरी होईपर्यंत तो याचाच विचार करत होता. रोज शेजारची सून येऊन मैनाला उठवून बसवायची आणि तो बघत राहायचा. अखेर एका पहाटे तो उठला आणि तालमीत गेला.

खुंटीवरून लंगोट काढताना तो हातातच फाटला. नुसत्या टांगून राहण्याने कापड विरलं होतं. भिंतीवर त्याच्या आकाराचा एक पांढरा डाग तेवढा उरला. वस्तादाने नवं कापड आणून दिलं. तुळाजी वाकू लागला तसा वस्ताद मागे सरला.

"नाना, हे काय करता? मला पाप लागेल. ती रीत राहू द्या बाजूला."

"आज तू रीत मोडशील, उद्या मी गोट्याला हात घालीन आणि परवा पुन्हा खाटेवर असेन," तुळाजी म्हणाला. "पाय पुढे कर."

वस्तादाने डोळे मिटून पाय पुढे केले. मग त्याने तुळाजीच्या हातात फावडं दिलं.

थोडीशी माती उकरली नाही तोच तुळाजीला धाप लागली. पारावरची मंडळी दारात जमली होती.

"काय तुळाजी, विहीर खणतोस का?"

"नवं पोरगं आलंय रे! दुधाचे दात पडलेत का बघा त्याचे!"

तुळाजीने फावड्यावर हनुवटी टेकली आणि बोळकं दाखवलं. "पडलेत. सगळेच पडलेत." मग तो पुन्हा माती उकरू लागला.

दिवस गेले. हाताला घट्टे पडले. फावडं पहिल्यापेक्षा हलकं वाटायला लागलं. आणि इथेच तुळाजीची दुसरी चूक झाली. जत्रेआधी सगळं जमवायची घाई झाली, म्हणून तो सकाळीही येऊ लागला आणि संध्याकाळीही. थोड्याच दिवसांत त्याची झोप उडाली, अंग ठणकायला लागलं आणि फावडं पुन्हा जड झालं.

वस्तादाने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. "नाना, हौदाची माती कशी करायची, हे तुम्हीच मला शिकवलंत. सांगा बरं."

"उकरायची. ताक, तेल, हळद घालायची. मग झाकून मुरू द्यायची."

"मुरायच्या आधीच पुन्हा उकरली तर?"

"भुगा होतो. पायाला धरत नाही."

"आणि कधी उकरलीच नाही तर?"

तुळाजीने भिंतीवरच्या लंगोटांकडे पाहिलं. "वीट होते."

"तुमची माती जुनी आहे, नाना. तिला मुरायला वेळ लागतो. पण मुरते. उद्या येऊ नका."

तेव्हापासून तुळाजी एक दिवस कष्ट करायचा आणि एक दिवस अंगाला आराम द्यायचा. वस्तादाच्या सांगण्यावरून त्याने तूप कमी केलं आणि डाळ, उसळ, दूध वाढवलं. माती उकरणं सोपं झालं तेव्हा खांब धरून बैठका सुरू केल्या. मग खांद्याभोवती फिरवायचं लाकडी मुद्गल घेतलं, तेही सगळ्यांत लहान. मग धान्याचं पोतं, आधी अर्धं भरलेलं. हातातलं ओझं हलकं वाटल्याशिवाय तो पुढच्या ओझ्याला हात लावत नसे. मध्ये एकदा ताप आला आणि बरंच कमावलेलं गेलं. तो मागे येऊन तिथून पुन्हा चढला. तरुणपणी जे एका महिन्यात व्हायचं, त्याला आता चार महिने लागत होते. पण होत होतं.

घरी मैनाही गप्प बसली नव्हती. "मी काय पोतं आहे, नुसतं उचलून घ्यायला?" असं म्हणून तिने खाटेची कड धरून उठायला सुरुवात केली. आधी तिची नुसती पाठ खाटेवरून सुटायची, मग बूडही सुटायला लागलं, मग शेजारच्या सुनेचा आधार घेऊन ती क्षणभर उभी राहायला लागली. संध्याकाळी दोघं भांडायची, आज कुणी जास्त केलं यावर.

जत्रेचा दिवस आला. मुलगे गाडी घेऊन आले, तेव्हा तुळाजी तालमीत गेला होता. बाबांच्याने आई उचलवणार नाही हे धरूनच ते आले होते; देवदर्शन करून तिथूनच पुढे निघायचं, म्हणून त्यांनी आईचं गाठोडंही गाडीत ठेवलं होतं. गाडी तालमीसमोर थांबली. दोघांनी आईला गाडीत धरून बसवलं होतं. पुढे गर्दी होती आणि मध्ये गोटा.

तुळाजी दिसताच आरोळी उठली. त्याचे भरलेले खांदे सगळ्यांना दिसत होते. जे दारात उभे राहून हसले होते, तेच आता सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते, "गोटा! गोटा! आमच्या बरोबरीचा आहे तो! उचल रे तुळाजी!"

थोरला मुलगाही म्हणाला, "उचला की बाबा. बघू तरी."

तुळाजी गोट्याजवळ गेला. त्याने त्याच्यावर हात ठेवला. दगड उन्हाने तापला होता. ढोल जोरात वाजू लागला. गुडघ्यापर्यंत तरी येईल, असं त्याला वाटलं. कदाचित मांडीपर्यंतही. मग त्याला शेजारी शेजारी लागलेल्या त्या दोन खाटा आठवल्या. त्याने गाडीकडे पाहिलं. मैना त्याच्याकडेच बघत होती आणि तिच्या मांडीशी ते गाठोडं होतं.

त्याने गोट्याला नमस्कार केला आणि पाठ फिरवली.

गाडीशी येऊन त्याने पाय रोवले, गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली आणि मैनाला दोन्ही हातांवर उचलून घेतलं. ढोल आपोआप थांबला. तो पावलं मोजून टाकल्यासारखा सावकाश चालत मारुतीच्या उंबऱ्याशी गेला. त्याचा श्वास फुलला होता, पण पकड ढिली पडली नाही.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अहो, पण गोटा राहिला की!"

मैना त्याच्या खांद्यावरून म्हणाली, "गोटा कुठे जातोय?" मग हळूच, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "ठेवा आता खाली. सगळं गाव बघतंय."

त्याने तिला खाली ठेवलं. ती उभी राहिली. त्याचा दंड धरून तिने उंबरा ओलांडला, आत गेली आणि मारुतीपुढे हात जोडले.

ती दोघं बाहेर आली तेव्हा थोरल्याने गाठोडं गाडीतून काढलं होतं. ते त्याने डोक्यावर घेतलं आणि तो आईवडिलांच्या घराकडे चालू लागला. धाकट्याने गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुळाजी हौदावर पोचला, तेव्हा पारावरचा एक म्हातारा दारात घुटमळत होता. "तुळाजी," तो खाकरून म्हणाला, "आणखी एखादं फावडं आहे का रे इथे?"

पुढे एकेक करून भिंतीवरचे लंगोट उतरले. खुंट्या रिकाम्या झाल्या, तेव्हा वस्तादाने त्यांना फावडी अडकवली. तुळाजीने गोटा पुन्हा कधी उचलला नाही. दर जत्रेला तो त्याच्यावर हात ठेवायचा, नमस्कार करायचा आणि घरी जायचा. घरी मैना अंगणात उभी असायची.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: ताकद वयापेक्षा बसून राहण्यानेच जास्त जाते, आणि मान खाली घालून, पहिल्या पायरीपासून, दमादमाने मागितली तर गरजेपुरती ती परत येते.