शिदूची परीक्षा

शेलूवाडीत शिदू नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम तो जीव ओतून करायचा, आणि तीच खरी अडचण होती. आईबाप लहानपणीच गेलेले. बाजारात भज्यांची गाडी लावून आत्याने त्याला वाढवलं. आपल्यामागे याचं कसं होणार, एवढाच तिला घोर. म्हणून तालुक्याला अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांचा वर्ग निघाला, तेव्हा तिने त्याला तिथे घातलं. परीक्षा पास झाली की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळालं तरच अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसायचं.

पहिल्या दिवशी पांढरपट्टे बाईंनी शिकवलं, "माणूस निपचित पडलेला दिसला, की खांदे थोपटायचे आणि मोठ्याने हाक मारायची."

घरी जाताना दौलतआबा पारावर दुपारची झोप घेत होते. शिदूने त्यांच्या खांद्यांवर थापा मारल्या आणि कानाशी तोंड नेऊन ओरडला, "आबा! ऐकू येतंय का?"

आबा पारावरून थेट खाली.

"अरे, ते झोपले होते!" दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या. "आणि पडले, तर निदान त्यांची मान तरी धरायचीस. पडलेल्याची मान दोन्ही हातांनी धरायची. जराही हलू द्यायची नाही."

"आता नाही विसरणार, बाई."

त्याच आठवड्यात गावात लग्न निघालं. नवरी हार घालायला पुढे झाली, तसं मामाने गमतीने नवरदेवाला वर उचललं. नवरदेव डुलायला लागला. शिदू मांडवातून धावत गेला आणि मागून त्याची मान गच्च धरली.

"सोड की लेका!" नवरदेव कळवळला.

"बोलू नका. मान हलतीय."

चौघांनी ओढलं तेव्हा कुठे शिदू सुटला. हार तोवर कुस्करून गेला होता.

बाईंनी कपाळाला हात लावला. "एवढ्या गर्दीत शिरलास कशाला? गर्दी दिसली की आधी ती हटवायची. पेशंटला हवा लागली पाहिजे."

"चुकलंच, बाई."

बाजारच्या दिवशी आत्याच्या गाडीभोवती ही गर्दी! कढईपुढे आत्या घामाघूम झालेली. शिदूला तिची दया आली. "सरका! हवा येऊ द्या!" म्हणत त्याने एकूण एक गिऱ्हाईक पिटाळलं.

"बरं वाटतंय का, आत्या?"

आत्या भज्यांच्या ढिगाकडे बघत राहिली. मग तिने डोळ्याला पदर लावला. शिदूला फार वाईट वाटलं, पण नक्की कशाचं ते काही त्याला उमगेना.

या खेपेला बाई चिडल्याच. "इकडेतिकडे बघूच नकोस तू! परीक्षेत जो पेशंट देतील, तेवढ्याकडेच लक्ष दे. शेजारी आभाळ कोसळलं तरी मान वळवायची नाही. छाती दाबायला घेतलीस की डॉक्टर थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

हे मात्र शिदूने अगदी पाठ केलं.

परीक्षेच्या दिवशी आत्या फाटकाबाहेर देवाचं नाव घेत बसली. आत परीक्षकांनी रबराची बाहुली पुढे ठेवली. "हा तुझा पेशंट. कर सुरू."

शिदूने खांदे थोपटले, हाक मारली आणि अ‍ॅम्ब्युलन्सला खराखुरा फोन लावला. मग तो छाती दाबू लागला. त्याचं काहीच चुकत नव्हतं. परीक्षक चकित झाले. पण वीज गेलेली, पंखा बंद, त्यात साहेबांचा कडक उपास. "शाबास, पुरे आता," म्हणता म्हणता ते टेबलामागे धाडकन कोसळले.

शिदूने मान वळवली नाही.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. गाडीवरच्या माणसांनी घाईघाईने पेशंटला पांघरुणात गुंडाळलं, तोंडाला मास्क लावला आणि आत घेतलं. शिदू छाती दाबत दाबतच गाडीत चढला. भोंगा वाजवत गाडी फाटकातून निघाली आणि आतमध्ये शिदू बसलेला आत्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

"पास झालं गं बाई माझं पोर!" ती रडायलाच लागली. समोरच्या दुकानातून पेढे आणून तिने रस्त्यावर वाटले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पांघरूण काढलं आणि डोळे विस्फारले. "अरे, ही तर बाहुली! तुला पाठवलं कोणी? परीक्षक कुठे आहेत?"

शिदूने अजून हात थांबवले नव्हते.

"तिथंच पडलेत, डॉक्टर. बेशुद्ध. शुद्धीवर आले की निकाल सांगणार आहेत."