पुढे बसलेली मुलगी

एकदा एक गायिका आपल्याच पहिल्या गाण्यांवर इतकी संतापली, की ती जगातून नाहीशी करून टाकायची असे तिने ठरवले. तिचे नाव कालिंदी. स्वतः गीते लिहायची, स्वतःच चाली लावायच्या, स्वतःच गायची आणि कोणा मोठ्या कंपनीची पायरी न चढता आपले अल्बम आपणच लोकांपुढे ठेवायचे, असा तिचा शिरस्ता होता. असे चार अल्बम झाले आणि चौथ्याने तिला कीर्ती मिळवून दिली. कीर्ती मिळाली की माणसाला आपले मागचे दिवस खुपू लागतात. हलाखीत पाठीशी उभ्या राहिलेल्या मावशीला लग्नाच्या पंगतीत कोपऱ्यातले पान वाढणारे लोक आपण पाहतोच.

पहिला अल्बम केला तेव्हा कालिंदीने विशीही गाठली नव्हती. तिच्या मामाचे गाद्यांचे दुकान होते आणि दुपारी ते बंद असे. कापसात आवाज घुमत नाही हे तिच्या ध्यानात आले. मग गाद्यांच्या थप्प्यांमध्ये बसून, मांडीवर गिटार घेऊन तिने सगळी गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली. अल्बमचे नाव ठेवले ‘गादीघर’. त्यात मधूनच हातगाडीवाल्याची आरोळी ऐकू येई, मधूनच सूर निसटे. तरीही त्यातले ‘पिंजण’ नावाचे गाणे लोकांच्या तोंडी बसले. ‘पिंज रे पिंजाऱ्या, मला हलकं हलकं कर’ अशी त्याची ओळ होती, आणि दुसऱ्या ‘हलकं’वर चाल एकदम वर चढत असे. ध्वनिमुद्रणात शेवटच्या कडव्याला नेमका तिथेच तिचा आवाज फाटला होता. ओळ अर्धवट सोडून ती गप्प झाली होती आणि काही क्षणांनी पुन्हा धृपदावर आली होती.

पुढे ती मोठ्या शहरात गेली. दुसरा अल्बम ‘भाड्याची खोली’. त्यात ढोल होते, संताप होता, आणि ती जवळजवळ ओरडूनच गायली होती. ऐकणारे म्हणाले, पहिल्यातली गोडी गेली. तिसरा ‘पाण्याची टाकी’, त्यात व्हायोलिनांचा ताफा होता. तेव्हा तेच लोक म्हणाले, दुसऱ्यातली धग काही औरच होती. ज्या धगीने यांचे कान भाजले होते तीच आता यांना हवीशी झाली. कलावंताने जागचे हलू नये आणि तरी आपल्याला नवे काही द्यावे, अशी ज्यांची अपेक्षा असते त्यांना काय म्हणावे? चौथा ‘मीठ’. त्यात फक्त आवाज आणि तानपुरा, आणि पहिल्या गाण्याच्या आरंभी एक लहानसा, शब्द नसलेला आलाप. त्या आलापाने भलेभले गप्प झाले.

पण कार्यक्रम ‘मीठ’चा असला तरी मागच्या रांगेतून कोणीतरी हमखास म्हणे, “ताई, ‘पिंजण’ होऊ द्या.” कालिंदीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. इतकी वर्षे मी काय भाजी निवडत होते का, असे तिला विचारावेसे वाटे. त्यातच एका समीक्षकाने ‘मीठ’ची स्तुती करताना जाता जाता लिहिले, की सूर हरवलेली ती पहिली पोर आणि ही गायिका एकच, यावर विश्वास बसत नाही. ते वाक्य तिच्या मनात काचेसारखे रुतून बसले.

अशा वेळी संगीताचा एक व्यापारी तिच्याकडे आला. तिची गाणी देशोदेशी पोचवण्याची त्याची तयारी होती. त्याची अट एकच होती.

“‘गादीघर’ काढून टाकू, ताई,” तो गोड आवाजात म्हणाला. “नवीन माणूस तुमचं नाव ऐकून येतो, सगळ्यात आधीचं गाणं लावतो, आणि ते बेसूर. तुम्हीच सांगा, दुकानाच्या दर्शनी फळीवर चिरलेली बरणी कोण ठेवतं? ‘पिंजण’ लोकांना हवंच असेल तर नव्यानं गा. स्वच्छ. जुनं मूळ ध्वनिमुद्रणही माझ्याकडे द्या, पुसून टाकू. उद्या कुणी वर काढायला नको.”

दुसरा कोणी हे बोलला असता तर कालिंदीने त्याला दार दाखवले असते. पण तो तिच्याच मनातले बोलत होता. सोमवारी होकार कळवते, असे तिने सांगितले.

आदल्या दिवशी, रविवारी, बुवांकडे बैठक होती. हे बुवा म्हणजे लहानपणी तिला गाणे शिकवणारे वृद्ध गुरू. आपल्या गुरूंच्या पुण्यतिथीला ते दरवर्षी सकाळी घराच्या माडीवर शिष्यांना गायला बसवत. गिटार हाती धरल्यापासून कालिंदी तिकडे फिरकली नव्हती. बुवांनी तिच्या गाण्यांविषयी कधी बरे-वाईट उद्गार काढले नव्हते आणि ती ऐकण्याजोगी त्यांना वाटतच नसणार, असे ती धरून चालली होती. या वर्षी मात्र त्यांचा निरोप आला : “शेवटी तू.” शेवटी गाणे हा त्या बैठकीतला मोठा मान. कालिंदी नवी साडी नेसून, ‘मीठ’मधली गाणी घोकत गेली.

तिची वेळ आली. मधोमध पांढरी चादर अंथरलेली होती, मागे लोड होता, बाजूला पाण्याचे तांब्या-भांडे. ती पुढे होणार तोच बुवांनी तिच्या हाती तानपुरा दिला आणि चादरीच्या मागची जागा दाखवली.

“तू इथे बस. तानपुरा धर आणि मागून साथ कर.”

“कोणाची?”

बुवांनी कपाटातून एक लहानसा स्पीकर आणला, तो मुख्य गायकाच्या जागी ठेवला आणि त्याच्यापुढे रीतीप्रमाणे हार आणि नारळही ठेवला. श्रोत्यांत खसखस पिकली. मग त्यांनी आपल्या मोबाइलवर बोट टेकवले आणि माडीभर गाद्यांच्या दुकानातली ती दुपार पसरली. आधी हातगाडीवाला, मग गिटार, मग कोवळा, किंचित घाबरलेला आवाज. ‘पिंज रे पिंजाऱ्या.’

कालिंदीच्या अंगाचा तिळपापड झाला. जिला पुसून टाकायला ती निघाली होती तिलाच मानाच्या जागी बसवून हिला मागे बसवले होते, तेही भरल्या बैठकीत. उठून चालते व्हावे असे तिला वाटले. पण गायक गात असताना तानपुरा खाली ठेवायचा नाही, हे याच माडीवर लहानपणी तिच्या अंगी भिनले होते. तिची बोटे तारांवर फिरत राहिली आणि डोळे बुवांवर आग ओकत राहिले.

तानपुरा काळी चारच्या पट्टीत लावलेला होता. स्पीकरमधली मुलगी मात्र त्या पट्टीच्या जराशी वर गात होती. त्या काळी कालिंदी गिटार अंदाजानेच लावत असे. दोन्ही स्वर एकमेकांना घासू लागले. कालिंदीने साथीला तोंड उघडले ते तिला वठणीवर आणण्यासाठीच. मुलगी जिथे डळमळे तिथे ती आपला पक्का, खणखणीत सूर लावी, म्हणजे सगळ्यांना कळावे की बरोबर काय आणि चूक काय. ऐकायला ते फार वाईट लागत होते. एका घरात दोन माणसे एकाच वेळी तावातावाने बोलत असावीत तसे.

बुवांनी हात वर केला. “मागे,” ते एवढेच म्हणाले.

तो शब्द तिने शेकडो वेळा ऐकला होता. साथीला बसलेल्याने गायकाच्या पुढे धावायचे नसते, आणि भर बैठकीत त्याची चूक तर कधीच दाखवायची नसते. तानपुरा गायकाला लावून घ्यायचा असतो. कालिंदीने दात-ओठ खात तानपुऱ्याचे मणी सरकवले आणि तारा मुलीच्या सुराला आणल्या. घासणे थांबले. आता ती मुलगी पुढे आणि ही मागे, अशा दोघी एका सुरात चालू लागल्या. कालिंदीचा राग गेला नव्हता, पण रीतच अशी होती की मागे राहायचे तर पुढच्याचे नीट ऐकावे लागते. मुलीला कुठे श्वास पुरत नाही, कुठे ती शब्दाला घट्ट धरून ठेवते, कुठे उगाच घाई करते, हे सगळे तिने पहिल्यांदाच ऐकले. इतक्या वर्षांत तिने हे गाणे कधी पुरते लावलेच नव्हते. लाजेने दरवेळी मधेच बंद केले होते.

शेवटचे कडवे आले. मुलगी त्या वरच्या स्वराकडे निघाली आणि तिचा आवाज फाटला. ओळ अर्धवट राहिली. गिटार थांबली. माडीवर नुसता तानपुरा वाजत राहिला.

गायक जिथे थांबतो ती जागा मागच्याने भरायची असते. कालिंदीने काही ठरवले नाही, ठरवायला वेळही नव्हता. मुलीने सोडलेल्या स्वरावरून तिचा आवाज आपसूक उचलला गेला, अलगद वर चढला, तिथे क्षणभर टेकला आणि खाली आला. समोरचे श्रोते चमकले. तीही चमकली. तो ‘मीठ’च्या आरंभीचा आलाप होता. जो मला कुठूनसा आपोआप सुचला, असे ती मुलाखतींत सांगत आली होती, तोच.

मुलगी पुन्हा धृपदावर आली आणि गाणे संपले.

लोक खाली चहा-पोह्यांना गेले. कालिंदी तानपुरा ठेवून ताडकन उभी राहिली.

“बुवा, चार लोकांत माझी अशी शोभा का केलीत? तुम्हाला माझी गाणी पसंत नव्हती तर तसं तोंडावर सांगायचं होतं.”

“बस आधी.”

“मला बसायचं नाही.”

“मग उभ्यानं ऐक,” बुवा म्हणाले, आणि त्यांच्याही आवाजाला धार आली. “शोभा तू करायला निघाली होतीस. उद्या त्या पोरीला घराबाहेर काढणार आहेस, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. तो व्यापारीच सांगत फिरतोय. का, तर ती बेसूर आहे म्हणून. अगं, ती भर दुपारी, कापसाच्या धुरोळ्यात, कोणी ऐकेल की नाही ठाऊक नसताना गायला बसली होती. तुला गायला बसायला आज मानपान लागतात.”

कालिंदी काही बोलणार होती. बुवांनी तिला थांबवले.

“मी चारही ऐकलेत. मला गिटार कळत नाही, पण सूर कळतो. त्या दुपारी तुझा आवाज जिथं फाटला ना, तिथंच तू आजवर घुटमळते आहेस. दुसऱ्या अल्बमात तू तो सूर ओरडून गाठलास, रागानं. तिसऱ्यात त्या जागी व्हायोलिनं आणून बसवलीस, कुणाला कळू नये म्हणून. चौथ्यात एकदाची शांतपणे पोचलीस. आता सांग, मघाशी ती रिकामी जागा कशानं भरलीस?”

“‘मीठ’च्या आलापानं,” ती हळूच म्हणाली.

“मग ती जागा ठेवली कोणी?”

कालिंदी खाली बसली.

बुवांनी खांद्यावरची शाल सारखी केली. “तुझे श्रोते वेडे आहेत. त्यांना फक्त ती मुलगी हवी, तू नको. पण तूही त्यांच्यातलीच. तुला फक्त तू हवीस, ती मुलगी नको. मी म्हातारा झालो म्हणून माझं बालपण पुसून टाकायचं म्हटलं, तर मला गाणं शिकवणारे गुरूच पुसले जातील. तिच्या चुका दुरुस्त करायला जाऊ नकोस. तिला पुढे बसू दे आणि तिनं जे सोडलंय ते मागून भरत राहा. एवढंच काम आहे आपलं.”

कालिंदीचा राग अजून शमला नव्हता, पण तो बुवांवर राहिला नव्हता. चिरलेली बरणी म्हणणाऱ्यावर होता, आणि ते ऐकून मान डोलावणाऱ्या स्वतःवर तर फारच होता. निघताना तिने बुवांच्या पायांवर डोके ठेवले. नारळ मात्र त्यांनी तिला घेऊ दिला नाही. “तो तिचा आहे,” ते म्हणाले. मग जरा विचार करून, “तिच्याकडे पोचव,” असे म्हणून तो तिच्याच पिशवीत घातला.

सोमवारी व्यापाऱ्याला नकार गेला. त्याने बरेच समजावले, मग बरेच सुनावले, आणि तो निघून गेला. ‘गादीघर’ जिथे होते तिथेच राहिले, हातगाडीवाल्यासकट.

पुढच्या वर्षी कालिंदीचा पाचवा अल्बम आला, पुन्हा तिचा तिनेच काढलेला. त्यातले पहिले गाणे ‘पिंजण’ होते. ते तिने नव्याने गायले नव्हते. पुढे तोच फाटका, कोवळा आवाज होता, आणि मागून, एक पाऊल मागे राहून, आजची कालिंदी त्याला साथ करत होती.

मुखपृष्ठ करणाऱ्या माणसाचा फोन आला. “ताई, पहिल्या गाण्याखाली गडबड झालीय बघा. गायन, कालिंदी. खाली पुन्हा स्वरसाथ, कालिंदी. एकच नाव दोनदा पडलंय. एक काढू का?”

“दोघी वेगळ्या आहेत,” ती म्हणाली. “काही काढायचं नाही.”