राजाच्या उशाशी वाढलेली वेल

एका राज्यात कुवलयसेन राजा उघड्या डोळ्यांनी निजून होता. त्याने हद्दपार केलेल्या मांत्रिकाने जाताना त्याच्या उशाशी एक वेल ठेवली आणि म्हटले, "राजाचा प्राण आता हिच्यात. ही फुलेल तेव्हा तो उठेल."

राजकन्या शर्वाणीने वेल मोठ्या सुवर्णकुंडीत लावली. रोज पाणी घातले, हाताला लागतील ते वाळके देठ खुडले. वेल छतापर्यंत चढली. तिची मेणासारखी जाड पाने राजाच्या श्वासाबरोबर हलत. फूल मात्र येईना आणि राजा पांढराफटक पडत चालला.

एके सकाळी गवाक्षात साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "राजकन्ये, लाडाने ही नुसती पानेच देईल. हिला मुळांपुरत्या लहान मडक्यात लाव. पाने सुरकुतेपर्यंत पाणी देऊ नकोस. कळ्या धरल्या की हिला तसूभरही हलवू नकोस. ही बोलेल. ऐकू नकोस."

"काय बोलेल?"

साळुंकी उडून गेली होती.

शर्वाणीने मुळे मडक्यात दाबली, तशी पलंगावर राजाची बोटे आवळली गेली. तिने मान फिरवली आणि माती दाबून बसवली.

पुढे ऊन तापले. पानांतून पित्याचा आवाज आला, "शर्वाणी, घसा कोरडा पडला गं. घोटभर पाणी दे."

तिने पाहिले, राजाचे ओठ फुटले होते. ती झारी घेऊन उठली, दाराशी गेली आणि झारी पहारेकऱ्याच्या हाती देऊन म्हणाली, "मी मागितली तरी देऊ नकोस."

पाने सुरकुतली. राजाचा चेहराही सुरकुतला. तेव्हा तिने ओंजळभर पाणी घातले. मग छताजवळ, खुडायच्या राहिलेल्या एका वाळक्या देठावर कळ्यांचा झुबका धरला.

"माझे तोंड भिंतीकडे आहे," वेल म्हणाली. "जरा वळव मला. एकदा तुला पाहू दे."

शर्वाणी आपले हात पदराने बांधून बसली. डोळे पुसायलाही तिने ते सोडले नाहीत.

एका तिन्हीसांजेला कळ्या उमलल्या. मेणाच्या चांदण्याच त्या, प्रत्येकीत मधाचा थेंब. दालन सुगंधाने भरले. राजाची पापणी लवली. तो उठून बसला, आधी पोटभर पाणी प्याला.

मग म्हणाला, "पाणी मागत होतो, तो मीच होतो."

"ठाऊक होते, तात."

"मग दिले का नाहीस?"

"दिले असते, तर तुम्ही जन्मभर मागतच राहिला असता."

राजाने तिच्या हातांची गाठ सोडवली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला, अडलेले न्यायनिवाडे सुरू झाले. वेल शर्वाणीने होती तिथेच राहू दिली. महाराजांनी मात्र आपला पलंग दुसऱ्या दालनात हलवला.