अंगठ्याएवढा राजा आणि काळी मिशी

एका राज्यात, वैशाखातल्या एका दुपारी, तिसरा प्रहर नुकताच लागला असताना, राजा मृगांकसेन शिसवी पलंगावर उठून बसला आणि म्हणाला, "मी मेलो आहे."

निजमहालात त्या वेळी प्रधान भद्रकेतू होता, दोन हुजरे होते आणि राजाची एकुलती कन्या कुवलया होती. राजाचा श्वास चालू होता. डोळे उघडे होते. तरी तो शांतपणे सांगत राहिला की आपल्या छातीत काही वाजत नाही, पोटात आतडी उरलेली नाहीत, आणि सूर्य मावळताना आपले दहन व्हावे.

त्या राज्याचा रिवाज असा, की राजाचा शब्द खोटा पडू द्यायचा नाही. राजा दिवसाला रात्र म्हणाला की राजधानीत दिवे लागत. मग राजा स्वतःला मेला म्हणाल्यावर त्याची नाडी कोण बघणार? राजवैद्याने दारातूनच मान हलवली. उपाध्यायांनी दर्भ काढले. हुजऱ्यांनी गळा काढला, तेव्हा राजानेच त्यांची समजूत घातली की झाले ते झाले, आता आवरा.

मेलेला माणूस बोलतो कसा, असे कुवलयेने प्रधानाला विचारले.

"आक्कासाहेब," प्रधान म्हणाला, "महाराजांना अशक्य काय आहे?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तेवढ्यात तिने बापाच्या तोंडाकडे पाहिले. सकाळी कापसासारखी पांढरी असलेली मिशी भुंग्यासारखी काळी झाली होती. दरडावून विचारल्यावर हुजऱ्यांनी सांगून टाकले. महाराजांना उठताच आरशात तरुणपण दिसावे, महाराज खूश व्हावेत, म्हणून झोपेतच त्यांना कलप लावला होता. कलप एका चेटक्याकडून आणलेला, पाण्याने न निघणारा.

झोपलेल्याचा चेहरा बदलू नये, हे त्या राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. झोपेत जीव फिरायला जातो आणि परतताना चेहरा पाहून आपले घर ओळखतो. पण खुशामतीच्या भरात ठाऊक असलेले तेवढेच नेमके विसरले जाते. राजाचा जीव दाराशी येऊन परत गेला होता.

हरवलेल्या जिवांचा माग एका टिटवीला काढता येई, कारण ती कधी धड झोपत नसे. कुवलया नदीच्या वाळवंटात गेली. टिटवी पाठीवर पडून, दोन्ही पाय वर करून आभाळ तोलत होती.

"पाय काढले तर आभाळ कोसळेल," टिटवी म्हणाली. "मी तुझ्या बापाचा जीव शोधून येते, तोपर्यंत धरशील?"

कुवलयेने वाद घातला नाही. ती वाळूत उताणी पडली, तिने पाय वर केले, आणि आभाळाचे ओझे खरोखरच तिच्या तळव्यांना लागले. ते तापलेल्या तव्यासारखे होते. टिटवी उडून गेली, पोळलेल्या तळव्यांनी कुवलया ओझे तोलत राहिली, आणि टिटवी परतली ती खबर घेऊनच. राजाचा जीव चकव्याच्या तळ्यावर होता. टिटवीने आभाळ पुन्हा आपल्या पायांवर घेतले आणि तिला डोळे मिटायला सांगितले. कुवलयेने ते उघडले तेव्हा ती तळ्याकाठी उभी होती.

कमळाच्या पानापानांवर अंगठ्याएवढी माणसे बसली होती. कुवलया घाईत होती, तरी तिचा पाय निघेना. तिने त्यांना विचारले की तुमच्यावाचून तुमची शरीरे कशी जगतात? एक म्हणाला, माझे शरीर बायकोला पाहते आणि सांगते की ही हुबेहूब दिसणारी कोणी तोतया आहे. दुसऱ्याच्या शरीराला स्वतःचे हात हत्तीएवढे दिसत, म्हणून ते दारातून जायला भीत होते. एक बाई सांगू लागली की तिचे शरीर टक्क जागे असते, पण त्याला बोटसुद्धा हलवता येत नाही, आणि छातीवर कोणीतरी बसलेले असते. घरचे त्यांना वेडे म्हणत. तळ्यावर सगळे शहाणे होते.

तळ्याचा धनी तोच कलपवाला चेटक्या निघाला. त्याने पांढऱ्या मिशीचे तीन सारखेच जीव तिच्यापुढे ठेवले.

"एकच तुझा. चुकलीस तर तूही इथली."

कुवलया तिघांनाही म्हणाली, घरी चला. पहिला उठला. दुसरा त्याहून लगबगीने उठला. तिसरा संकोचला.

"बाई, घरी जाऊन आलो. तिथे काळ्या मिशीचा कोणी जवान निजला होता. परक्याच्या घरात न विचारता शिरू कसा?"

तिचे आबासाहेब स्वतःच्या मुदपाकखान्यातही खाकरल्यावाचून पाऊल टाकत नसत. कुवलयेने तिसऱ्याला उचलून पदरात बांधले.

चेटक्या हसला. "कलप खुशामतीत खलला आहे. तो खऱ्या बोलण्यानेच उतरेल. तुझ्या दरबारात बोलणार कोण?"

पुन्हा डोळे मिटून ती घाटावर पोहोचली तेव्हा सूर्य टेकला होता. राजा आपल्या पायांनी चंदनाच्या चितेवर चढून निजला होता आणि मशाल धरणाऱ्याला वारा कुठून आहे ते सांगत होता. पदरातून जिवाने डोकावून पाहिले. "हे घर माझे नव्हे," तो पुटपुटला.

कुवलया चितेशी गेली. "आबासाहेब, मेलेल्याला राग येतो?"

"नाही."

"तो कोणाला सुळावर चढवतो?"

"कसा चढवील?"

"मग लोकांनी तुमच्याविषयी खरे ते बोलावे?"

राजाने विचार केला. "बोलोत. मी मेलो आहे."

मग माहूत बोलला, की महाराजांना हत्तीवर चढवायला आता चौघे लागतात. राजाच्या मिशीतून काळा थेंब ओघळला. राजगवई म्हणाला, महाराज गातात तेव्हा मी तंबोरा मुद्दाम जोराने छेडतो. वैद्याने कबूल केले की आपण नाडी पाहिलीच नाही. मग धरण फुटल्यासारखे झाले. सगळे बोलू लागले, काही नको तितकेही बोलले. प्रधान तेवढा गप्प होता. मिशीत एकच काळा केस उरला.

"आबासाहेब, तुम्ही म्हातारे झाला आहात," कुवलया म्हणाली. "मला तुम्ही तसेच हवे आहात."

तो केस पांढरा झाला. "अरेच्चा, हा तर मीच," असे म्हणून जीव नाकपुडीतून आत शिरला. राजा सणसणून शिंकला.

"पाठीला ओंडके टोचताहेत," तो म्हणाला. "आणि भूक लागली आहे."

त्याच क्षणी चकव्याचे तळे आटले, चेटक्या आपल्याच कलपात विरघळून गेला आणि पानापानांवरचे जीव आपापल्या घरी परतले. राजाने जुना रिवाज मोडला. राजाच्या शब्दाला दरबारात निदान एकाने तरी "नाही" म्हणायचे, असा नवा रिवाज पडला, आणि पहिले "नाही" कुवलयेचे झाले.

पण एक गोष्ट उरते. राजा झोपला दुपारी. चितेच्या चंदनाची गाडी घाटावर येऊन उभी राहिली होती ती त्याच दिवशी सकाळी. गाडीवानाला विचारले, कोठारावरच्या कारभाऱ्याला विचारले, प्रधानाला दोनदा विचारले. ती कोणाच्या हुकमाने निघाली, हे आजवर कोणीही सांगितलेले नाही.