चिमाईची उठणी

मोहदरीला यायला धड पायवाटसुद्धा नव्हती आणि वाघशेतच्या रानात खरोखरचे वाघ होते, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते मला विचारू नका. मला ज्यांनी सांगितली त्यांनाही ती जुनीच म्हणून मिळाली होती.

मोहदरीत चिमाई नावाची सुईण होती. तिच्या हातून पंचक्रोशीतली चारशे पोरं सुटली, असं म्हणतात. पोटावर नुसता तळहात ठेवला की आत काय अडलंय, कुठं अडलंय, ते तिला कळायचं. आडवं आलेलं मूल ती बोलत बोलत सरळ करायची, आणि बाळंतीण कळा विसरून तिच्याशी भांडत बसायची. तोंडाची फटकळ होती हो. पाटलालासुद्धा अरेतुरे करायची, कारण पाटील तिच्याच हातात पहिल्यांदा रडला होता.

पण ह्या बाईच्या काळजात एक सल होता. तिचा नवरा सावळा पोट फुगून गेला. तीन दिवस तळमळला. गाव म्हणालं, करणी आहे. चिमाई जवळ गेली तर त्यानं तिचा हात झिडकारला. "बायकांनी बघायचं दुखणं न्हाई हे," म्हणाला. त्याची शुद्ध हरपल्यावर तिनं ओटीपोटावर हात ठेवला आणि तिला कळलं, करणी नाही अन् बिरणी नाही, लघवी तुंबलीय. तोवर फार उशीर झाला होता. चारशे पोरं सोडवणाऱ्या बाईला घरातल्या माणसानं एवढं सांगितलं नाही! तिला रडू आलं नाही, राग आला. तो राग तिच्या मनातून पुढं कधीच गेला नाही.

आता आपल्याला माहीत आहे, पुरुषाच्या ओटीपोटात सुपारीएवढी एक गाठ असते. वय झालं की ती वाढते आणि लघवीची वाट चेपते. डॉक्टर तिला प्रोस्टेट म्हणतात, सोनोग्राफी काढतात, गोळ्या देतात. तेव्हा तिला नाव नव्हतं, आणि नाव नसल्यामुळं कुणी तिच्याविषयी बोलतही नव्हतं. म्हातारे आपले गोठ्यामागं जाऊन उभे राहायचे, थेंब थेंब मोजायचे आणि गप्प परत यायचे.

चिमाईनं त्या दुखण्याचा पिच्छा पुरवला. गोखरूचा काढा करून बघितला. पळसाची फुलं उकडून ओटीपोटावर बांधून बघितली. कोमट पाण्याच्या घंगाळात कमरेपर्यंत बसवलं की अंग सैल पडतं, हे तिला बाळंतिणींवरून ठाऊकच होतं. सगळं तिला येत होतं, फक्त सांगायला येणारा म्हातारा मिळत नव्हता.

आता दुसरी गोष्ट ऐका, म्हणजे पुढचं समजेल. मोहदरी आणि वाघशेत ह्या दोन गावांच्या शिवेवर उंबरझरा आहे. सगळ्या विहिरी आटल्या तरी तो वाहतो. त्या साली वाघशेतनं त्याला मातीचा बांध घातला, त्यावरून दोन्ही गावांत डोकी फुटली, आणि शेवटी शिवबैठक ठरली.

शिवबैठक म्हणजे काय? शिवेवर समोरासमोर दोन दगड. होळीच्या पाचव्या दिवशी दोन्ही गावांचा सगळ्यात म्हातारा माणूस आपापल्या दगडावर बसणार, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. खायचं नाही, प्यायचं नाही, उठायचं नाही. ज्याचं ढुंगण आधी दगडावरून सुटलं, त्याच्या गावाची शीव गेली. बायांनी त्या दिवशी शिवेवर पाऊल टाकायचं नाही, लांब उंबराखाली उभं राहायचं. देवळात भंडारा उधळून एकदा नाव घेतलं की माणूस बदलता येत नव्हता.

वाघशेतनं बहिरजीचं नाव घेतलं. मोहदरीनं घेतलं कोंडाजीचं.

कोंडाजीनं नावाला मान डोलावली आणि घरी जाऊन डोकं धरून बसला. कारण तो तर एका जागी दोन चिलमींचा वेळ बसू शकत नव्हता. सारखी घाई लागायची, धावत जायचं, आणि तिथं गेल्यावर काही नाही. हे त्यानं मुलाला सांगितलं नव्हतं, सुनेला कळू दिलं नव्हतं.

चिमाईला मात्र दिसलं. बांधाला एक हात टेकून, कपाळ हातावर ठेवून म्हातारा कितीतरी वेळ उभा होता. सावळा असाच उभा राहायचा.

"कोंडादादा," ती मागून म्हणाली, "थेंबाथेंबानं व्हतंय ना?"

म्हातारा उसळला. "चिमे, लाज हाय का तुला? जा, बाळंतिणी बघ तुझ्या!"

"लाज व्हती, तवा माझा मालक गेला," ती म्हणाली. "आता न्हाई ठेवली. होळीला महिना हाय. मरायचं आसंल तर तसं सांग, झरा जायच्या आत मी दुसरं गाव शोधते."

म्हाताऱ्यानं बराच वेळ शिव्या दिल्या. मग त्याच बांधावर बसून सगळं सांगितलं.

चिमाईनं त्याला महिनाभर राबवलं. सकाळी काढा, संध्याकाळी घंगाळ, पोटावर पळसफुलांचा गरम लगदा. ताडी बंद. पाणी दिवसा प्यायचं, दिवेलागणीनंतर घोटभर. लागली की दाबून धरायची नाही, आणि झाल्यावर लगेच धोतर सावरायचं नाही, थांबून पुन्हा बघायचं. म्हातारा कुरकुरत सगळं करायचा. होळीपर्यंत त्याला बराच उतार पडला. सबंध दिवस निघाला असता का, ते देव जाणे. पण अर्धा तर निघत होता, आणि चिमाईला आशा वाटायला लागली होती.

आणि इथंच गावानं घात केला. वाईट मनानं नाही, काळजीनंच केला. सुभान पाटलाला वाटलं, म्हातारा फार वेळा उठतो, म्हणजे ह्याला पाणी फार होतंय. मग पाणी आटवलं की झालं! त्यानं कोंडाजीला आपल्या वाड्यावर नेऊन दोन दिवस घोटभर पाण्यावर ठेवलं, आणि बैठकीच्या पहाटे अफूची गोळी दिली, बोराएवढी. चिमाईला कोणी विचारलं नाही. सुईणीला काय विचारायचं?

सूर्य उगवला आणि दोन्ही म्हातारे बसले. भोवती दोन्ही गावं, हातांत काठ्या. कोणाचा धोतराचा सोगा हलला तरी शंभर डोळे तिकडं वळत होते.

सकाळ गेली. कोंडाजी हलला नाही. दुपार झाली, दगड तापले, तरी हलला नाही. मोहदरीचे लोक एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. "बघ, बघ, कसा बसलाय आपला म्हातारा!"

उंबराखाली चिमाई बघत होती. कोंडाजीच्या पायाची बोटं आत वळली होती. एक हात घोंगडीखाली पोटाशी होता. तोंडाचा रंग राखेसारखा झाला होता. हे मूल आडवं आल्यासारखं दिसतंय, तिला वाटलं. तिनं पाटलाला उंबराखाली बोलावून घेतलं.

"सुभाना, काय दिलंस त्याला?"

"अफू," पाटील म्हणाला. "पाणी आटवायला."

"आरं मेल्या! त्याला पाणी जास्त व्हतच न्हवतं. त्याची वाट बुजलीया. व्हती न्हवती ती फटबी तू लिंपलीस. पोट तटतटलंय त्याचं. संध्याकाळपतुर जिता ऱ्हायचा न्हाई."

पाटलाचं तोंड पांढरं पडलं. पण त्यानं तिचा दंड धरला. "चिमाई, झरा गेला तर चैतात सगळं गाव तहानंनं मरंल. लेकरं मरतील, तू सोडवलेली. थोडं थांब. पाया पडतो."

तिनं कोंडाजीकडं बघितलं. त्यानंही तिला बघितलं होतं. त्यानं हळूच मान हलवली, नको म्हणून. मरायचं ठरवूनच तो बसला होता.

चिमाई क्षणभर थांबली. झरा तिचाही होता. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं पाणी तिथलंच होतं. उठवावं तर गाव जातं, न उठवावं तर माणूस जातं, आणि दोन्हीचं पाप तिच्याच माथी. मग तिनं समोरच्या दगडाकडं बघितलं. बहिरजीकडं सकाळपासून कोणी नीट बघितलंच नव्हतं. तो गुडघ्यावर गुडघा आवळून बसला होता, दातांत पागोट्याचं टोक धरून, आणि कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

तिनं दंड सोडवून घेतला आणि चालत निघाली. थेट शिवेवर.

दोन्ही गावांत कालवा उठला. काठ्या वर झाल्या. असं म्हणतात की त्या काठ्या वरच राहिल्या, खाली येईनात. देवानं धरल्या म्हणतात. मला विचाराल तर, ज्या बाईनं आपल्याला जन्मताना झेललं तिच्यावर काठी घालायला हात होत नाही.

ती दोन दगडांच्या मधोमध उभी राहिली आणि मोठ्यानं बोलली. "ह्या कोंडादादाला मुतायला व्हत न्हाई. आन बहिरजीबाबा, तुमालाबी सकाळपासनं लागलीया."

कोणीतरी हसलं.

"कोण हसला रं? म्होरं ये!" चिमाई गरजली. "तुझा बाप कसा गेला, सांगू? माझा मालक कसा गेला, सांगू? पोटं फुगून फुगून गेली माणसं, आन आपण करणी म्हणून लिंबं उतरवत बसलो. एकानंबी तोंड उघडलं न्हाई!"

नंतर कोणी हसलं नाही. असं म्हणतात की गर्दीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी तेव्हा माना खाली घातल्या.

तिनं दोन्ही हात पुढं केले, एक ह्याच्याकडं, एक त्याच्याकडं. "जो आधी उठंल त्यो हरंल. दोघं एकदमच उठा. मी वढते."

बहिरजीनं हात दिला नाही. "मी निस्ता बसून ऱ्हायलो, तर झरा आमचा," तो म्हणाला.

"व्हय. ह्यो तुमच्या म्होरं मरंल, आन झरा तुमचा व्हईल. बसा."

बहिरजीनं कोंडाजीकडं नीट बघितलं. चाळीस वर्षांत त्या दोघांनी एकमेकांशी शब्द काढला नव्हता. मग त्यानं विचारलं, "लई दुखतंय का रं?"

उभ्या जन्मात जे कोंडाजीनं पोटच्या मुलाला सांगितलं नव्हतं, ते तो वैऱ्याला म्हणाला, "लई, बहिरजी. लई दुखतंय."

बहिरजीनं हात पुढं केला.

चिमाईनं ओढलं. दोन्ही गावं डोळे फाडून बघत होती, तरी कोण आधी उठला ते आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. दोन्ही दगडांवरून दोन्ही सावल्या एकाच वेळी निघाल्या, असं म्हणतात.

बहिरजी झाडामागं पळाला, त्याचं भागलं. कोंडाजीचं काही होईना. उभं राहवेना, बोलवेना. चिमाईनं तिथंच आडोसा करायला सांगितला. दोन्ही गावांचे बाप्ये घोंगड्या धरून, पाठ फिरवून गोल उभे राहिले. कोणी घंगाळ आणलं, कोणी जाळ केला, कोणी पळसाच्या फांद्याच मोडून आणल्या. म्हाताऱ्याला कोमट पाण्यात बसवलं, पोटावर लगदा बांधला. घटका गेली. काही नाही. दुसरी गेली. म्हाताऱ्याचे डोळे फिरायला लागले. चिमाईनं पोटावर तळहात ठेवला आणि तिच्या तोंडी एकच चाललं होतं, "सावळ्या, ह्याला नगं नेऊ. ह्यानं मला सांगितलंय. ह्यानं सांगितलंय रं."

तेव्हा झाडामागून परतलेला बहिरजी पुढं झाला. वाघशेतच्या लोकांनी झऱ्याला आपल्या बाजूनं जो मातीचा बांध घातला होता, त्यावर त्यानं कुदळ घातली. पाणी खळाळत सुटलं, मोहदरीकडं. तो आवाज सगळ्या रानात भरला, आणि त्या आवाजासरशी कोंडाजीची लघवी मोकळी झाली.

घोंगड्यांच्या आत काय घडलं ते कोणी पाहिलं नाही. कोणी म्हणतं, चिमाईनं कमळाचा पोकळ देठ नळीसारखा आत घातला. कोणी म्हणतं, नुसता तळहात. अफू उतरली असेल, असं डॉक्टर म्हणतात. पण ती धार चांदणी उगवेपर्यंत थांबली नाही, असं म्हणतात, आणि पाठ फिरवून उभे असलेले बाप्ये आधी हसले आणि मग ढसाढसा रडले. झऱ्यावर पुन्हा बांध कोणी घातला नाही. कोंडाजी पुढं नऊ वर्षं जगला.

आजही ह्या दोन गावांत कुठलीही सभा असो, एखादा म्हातारा मध्येच उठला तर सगळी सभा उठते. तो कुठं निघाला, कोणी विचारत नाही. तो परत येऊन बसला की सगळे बसतात. तिला चिमाईची उठणी म्हणतात. फाल्गुनात पळस फुलला की होळीच्या पाचव्या दिवशी झऱ्यावर घंगाळं मांडतात, आणि त्याच दिवशी तालुक्याचे डॉक्टर येऊन सगळ्या म्हाताऱ्यांना तपासतात. कारण चिमाईनंच सांगून ठेवलं होतं, काढ्यानं सगळ्यांचंच भागत नाही, पाणी अडलं की वाट बघू नका, माणसाला उचला.

आणि त्या दिवशी प्रत्येक घरातली सून सासऱ्यासमोर उभी राहते, डोक्यावरचा पदर सावरते आणि सगळ्यांदेखत विचारते, "मामंजी, लघवी साफ होते ना?" आणि म्हातारा, कितीही मानी असो, मान वर करून खरं काय ते सांगतो.